गेमिंगचा छंद आणि मोजकेपणा: २१४ मधून तीन ठेवले, त्याचा अनुभव

निवांत_चिंचवड | रविवार, रात्री ११:२०

दिवाळीच्या आवराआवरीत माळा रिकामा केला, जुने कपडे देऊन टाकले, पुस्तकांचं कपाट लावलं. बायकोने विचारलं, तुझ्या कॉम्प्युटरचं काय? मी म्हटलं तिथे कसला पसारा, जागा थोडीच अडते त्याने. त्या रात्री सहज मोजायला बसलो. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या माझ्या खात्यात, २१४ गेम निघाले. त्यातले ९६ एकदाही उघडलेले नाहीत. शेवटपर्यंत खेळलेले १७. एपिक या दुसऱ्या दुकानात दर गुरुवारी फुकट मिळतात म्हणून घेऊन ठेवलेले वेगळे, ते मोजलेच नाहीत.

पैशाचं तितकं वाईट वाटलं नाही. बहुतेक गेम सेलमध्ये शे-दोनशे रुपयांत घेतलेले. २०१५ च्या शेवटी स्टीमने भारतासाठी रुपयांत किमती लावल्या. तोवर डॉलरमध्ये पैसे भरायचे असल्याने हात आखडता असायचा, नंतर तो सैल सुटला. उन्हाळी सेल आला घे, हिवाळी सेल आला घे. दर वेळी मनात एकच, आत्ता घेऊन ठेवू, सवड मिळाली की खेळू.

वाईट वाटलं ते वेळेचं. मुलगी साडेनऊला झोपते. ओटा आवरून, उद्याच्या डब्याची भाजी चिरून मी सव्वादहाला खुर्चीत बसतो. पहिली पाळी असली की पहाटे साडेपाचला उठायचं, म्हणजे साडेअकराला बंद. हातात सव्वा तास. आठवडाभर घड्याळ लावून पाहिलं तर त्यातली वीस-पंचवीस मिनिटं नुसती यादी वरखाली करण्यात जात होती. एक उघडायचा, दहा मिनिटांत वाटायचं दुसरा बरा. दुसरा उतरवायला लावायचा, पन्नास जीबी. तो उतरेपर्यंत यूट्यूब. मग झोप येते. असे महिने गेलेत.

मग ठरवलं की तीनच गेम समोर ठेवायचे. एक मोठा, कथेचा. एक छोटा, अर्ध्या तासात उठता येईल असा. एक दुसऱ्या कुणाबरोबर खेळायचा. बाकी सगळे स्टीममधल्या 'लपवा' सोयीने दिसेनासे केले. एकेकावर उजवी टिचकी मारत बसलो, दोन रात्री लागल्या.

दुसरी गोष्ट केली ती मला जास्त उपयोगी पडली आहे. कीबोर्डशेजारी शंभरपानी वही ठेवली. बंद करण्याआधी दोन ओळी लिहायच्या, कुठे आहे आणि पुढे काय करायचंय. विचर ३, म्हणजे माझा तो मोठा कथेचा गेम, मी २०१७ पासून तीनदा सुरू केला. दर वेळी मध्ये पंधरा दिवसांचा खंड पडायचा, परत आलो की आपण कुठे चाललो होतो, कोणतं बटण कशाचं, काही आठवायचं नाही. मग पहिल्यापासून. सुरुवातीचं व्हाइट ऑर्चर्ड गाव माझं तीनदा झालं, पुढचं काहीच नाही. आता वहीतली कालची ओळ अशी आहे: 'नोविग्राड. डँडेलियनचा पत्ता काढतोय. चिलखत दुरुस्त करायचं राहिलंय, आधी लोहाराकडे.' ती वाचली की दोन मिनिटांत मी तिथे असतो.

प्रश्न असा आहे. लपवलेले गेम खात्यातून कायमचे काढावेत का? तशी सोय आहे. आणि तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? टिकलं का?

---

पेठकर | रविवार, रात्री ११:५८

काढू नका. हात जोडून सांगतो.

माझ्याकडे पुण्यातल्या तापकीर गल्लीतून घेतलेल्या गेमच्या कॅसेटींपासून प्लेस्टेशन ३ च्या डिस्कपर्यंत दोन कपाटं भरून माल आहे. घरचे ओरडतात. पण २०२३ साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. पुस्तकाचं असं झालं तर ग्रंथालयं आहेत. गेमचं काय? कुणाच्या तरी कपाटातच ते उरणार आहेत.

मोजकेपणाचं पुस्तकी रूप मला म्हणून पटत नाही. ज्याने वर्षभरात आनंद दिला नाही ते टाका म्हणतात. मी १९९९ चा एक गेम अकरा वर्षांनी परत लावला आणि तेव्हा कुठे तो मला कळला. अकरा वर्षं तो कपाटात पडून होता म्हणून ते झालं.

---

अबोली | सोमवार, सकाळी ७:१०

निवांत, धागा आवडला. पण माझा अनुभव उलट आहे, म्हणून लिहिते.

माझ्याकडे २१४ काय, दोन गेमही नव्हते. एकच होता, फोनवर. बघणाऱ्याला मी अगदी मोजकी वाटले असते. पण त्या एका गेमने माझा दिवस व्यापला होता. सकाळी उठल्या उठल्या हजेरी लावायची, नाहीतर सलग दिवसांची मोजणी तुटते. दुपारी गेममधली ऊर्जा भरते, ती वाया जाऊ नये म्हणून डबा खाताना उघडायचा. संध्याकाळी रोजची चार कामं. महिन्याला पास घेतला की तो वसूल करायला शनिवार-रविवारी जास्त. मी दोन वर्षं चार महिने एकही दिवस चुकले नाही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी हजेरी लावली. आई आतून बाहेर आली तेव्हा माझी मान खाली होती. तिने हाक मारली ती मला ऐकू आली नाही, शेजारच्या बाईंनी दंडाला हात लावला.

त्याच रात्री काढून टाकला. पैसे किती गेले ते इथे लिहीत नाही.

सांगायचं हे की गेम किती आहेत ते मोजून सगळं कळत नाही. तुमचे ९६ न उघडलेले गेम तुम्हाला काही मागत तरी नाहीत, गप्प बसलेत. जो रोज बोलावतो त्याच्याकडे आधी बघा.

---

वर्षा_ठाणे | सोमवार, सकाळी ९:४२

+१ अबोली. तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यात पाणी आलं.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला नवीन नवीन गेम हवे असतात. वडिलांच्या स्टीम खात्यात भरपूर पडून आहेत. ते त्याला खेळायला देता येतात का, की परत विकत घ्यावे लागतात?

---

निवांत_चिंचवड | सोमवार, दुपारी १:१५

वर्षाताई, २०२४ पासून स्टीम फॅमिलीज नावाची सोय आहे. एका घरातले सहा जण जोडता येतात, एकमेकांचे बहुतेक गेम खेळता येतात. फक्त एका गेमची एकच प्रत असेल तर तो एका वेळी एकालाच. मुलाने कोणते खेळायचे आणि किती वेळ, हेही तिथेच ठरवता येतं.

अबोली, तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. मी आकड्यात अडकलो होतो. माझ्या तिनांतला 'छोटा' गेम फोनवरही चालतो आणि असाच रोज हजेरी मागणारा आहे. आज रात्री त्याचा विचार करतो.

---

लातूरचा_गडी | सोमवार, रात्री ८:३०

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, त्यावर नवीन काही चालत नाही. त्यामुळे मी सहा वर्षं एकच गेम खेळतोय, एज ऑफ एम्पायर्स २, गाव वसवून लढाया करायचा. मूळ गेम १९९९ चा आहे, माझ्या जन्माआधीचा. माझ्याकडे त्याची २०१३ ची एचडी आवृत्ती आहे.

एकच असल्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही, हे मनापासून सांगतो. पहिल्या वर्षी मी नुसते किल्ले बांधायचो. दुसऱ्या वर्षी कळलं की लढाई पहिल्या दहा मिनिटांत ठरते. सुरुवातीची सहा माणसं मेंढ्यांवर, पुढची चार लाकडावर, मग एकाने जाऊन रानडुक्कर बाण मारून टाउन सेंटरपर्यंत, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीपर्यंत, ओढून आणायचं. ते माणसाच्या मागे धावत येतं, अंतर चुकलं तर माणूस मरतो. ते एक डुक्कर नीट आणायला मला तीन महिने लागले. आता न बघता आणतो. अजूनही दर महिन्याला काहीतरी नवीन सापडतं.

मामाच्या गावाला गेलो की दोन लॅपटॉप शेजारीशेजारी मांडून मामेभावाबरोबर खेळतो. लाइट गेली तरी बॅटरीवर तासभर निघतो.

म्हणून निवांतदादा, तीनसुद्धा जास्त वाटतात मला. एकच ठेवून बघा एकदा.

---

दूरदेशी | मंगळवार, पहाटे ५:०५

न्यू जर्सीहून. इथल्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या शेजारच्या फळीवर गेमच्या डिस्क असतात. कार्ड दाखवायचं, घरी न्यायची, आमच्या वाचनालयात दोन आठवड्यांनी परत. मी गेली चार वर्षं जवळजवळ काहीच विकत घेतलेलं नाही.

परतीची तारीख असली की हातातलं संपतं, हे मला नवीन नव्हतं. दादरला लहानपणी आमच्या इमारतीखालच्या दुकानात टीव्ही गेमच्या कॅसेटी भाड्याने मिळायच्या. दिवसाला दहा रुपये, अनामत म्हणून एक स्वतःची कॅसेट ठेवायची. शनिवारी दुपारी कॉन्ट्रा आणायचा आणि रविवारी संध्याकाळी सातच्या आत परत. मी आणि शेजारचा मित्र, दोन कंट्रोलर. सुरुवातीच्या चित्रावर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए दाबलं की ३० जीव मिळायचे. तो दाबायचा, मी मोजायचो. आठ लेव्हल एका दुपारीत काढल्या की खाली पळत जाऊन कॅसेट द्यायची. गेम घरात राहायचा नाही, पण आमचा पूर्ण झालेला असायचा.

आता तुम्ही विकत घेतलेलं तरी तुमचं कुठे असतं? डिजिटल दुकानात आपण परवाना घेतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की गेम 'विकत' म्हणून देताना हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. त्याआधी ३१ मार्च २०२४ ला द क्रू या गाडीच्या गेमचे सर्व्हर बंद झाले. त्याला सतत इंटरनेट लागायचं, त्यामुळे पैसे देऊन घेतलेल्या लोकांनाही तो एकट्याने खेळता येईना. पेठकरकाकांची कपाटं म्हणून मला पटतात. पण स्टीमवरच्या न खेळलेल्या ९६ गेमना तुम्ही संग्रह म्हणू नका.

आणखी एक. स्टीमने २०२४ च्या वर्षअखेरीला दिलेल्या आढाव्यात मधल्या खेळाडूने, म्हणजे सगळ्यांना कमी ते जास्त अशा रांगेत लावलं तर बरोबर मध्ये येणाऱ्याने, वर्षभरात खेळलेले गेम चार होते. चारच. तुम्ही तीनवर आलात म्हणजे जगावेगळं काही केलेलं नाही.

---

पेठकर | मंगळवार, सकाळी १०:२०

दूरदेशी, हा भेद मान्य. डिस्क आणि परवाना एका मापाने मोजू नये. तरीही निवांत यांनी खात्यातून काढू नये, लपवलेलेच बरे. कायमचा काढला तर पुढे हवा झाल्यावर पुन्हा पैसे मोजायची वेळ येऊ शकते.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:१५

धागा दोन दिवस वाचतोय. मी सांगलीचा, आमचं घर जैन. आमच्यात गृहस्थाची पाच अणुव्रतं असतात, त्यातलं पाचवं परिग्रहपरिमाण. माझ्या आजोबांनी ते घेतलं होतं. त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं की धोतरं इतकी, भांडी इतकी, जमीन इतकी, यापुढे नाही. मुनी सर्वस्व सोडतात, गृहस्थाने सोडायचं नसतं. त्याने आपलं माप ठरवायचं. माप कुणी दुसरा सांगत नाही. आणि ते वस्तू समोर येण्याच्या आधी ठरवायचं असतं, हे त्यातलं मुख्य. बाजारात उभं राहून ठरवलेलं माप नेहमी वाढतं, असं आजोबा म्हणायचे.

मला हे गेमला लावावंसं वाटलं, कारण इंग्रजी व्हिडिओत मिनिमलिझम म्हणून जे दाखवतात त्यात एक पांढरी खोली आणि एक महाग खुर्ची असते. तशी आपली घरं नसतात आणि तसं करायची गरजही नाही. निवांत यांचं तीनचं माप हे परिमाण आहे. लातूरच्या मित्राचं एकचं. पेठकरांचं दोन कपाटांचं, पण तिसरं कपाट घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं असेल तर तेही.

मी स्वतः सेलसाठी असं केलंय. वर्षाला दोन गेम. जानेवारीत नावं लिहून ठेवतो. सेलमध्ये त्या दोन नावांवर सूट आली तर घेतो, बाकी पान उघडतच नाही. आणि घेतला की त्याच आठवड्यात सुरू करतो. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. पडून राहिला की ती मुदत जाते. यंदा एक असा परत केला. चांगला गेम होता, माझ्यासाठी नव्हता.

---

वर्षा_ठाणे | बुधवार, सकाळी ८:५०

फॅमिलीज सुरू केलं. धन्यवाद निवांत. मुलाला म्हटलं बाबांच्या यादीतून एक निवड, तो पुरा केलास की दुसरा. त्याने स्टारड्यू व्हॅली निवडला. मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं, शेतीच आहे सगळी. एरिक बरोन नावाच्या एकाच माणसाने साडेचार वर्षं राबून तो २०१६ मध्ये आणला, चित्रं, संगीत सगळं त्याचंच, हे मुलाने मला सांगितलं. आता तो मला म्हणतो तू पण एक शेत घे. घेतलं.

---

निवांत_चिंचवड | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. हिशेब देतो.

रोज हजेरी मागणारा छोटा गेम काढला. पहिले चार दिवस सकाळी चहा ठेवताना हात खिशातल्या फोनकडे जायचा. पाचव्या दिवसापासून नाही.

त्या जागी राजी घेतला. माझ्याच यादीत होता, न उघडलेला. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. एक लहान मुलगी आपल्या भावाला सोडवायला राक्षसांशी लढते, दुर्गा तिला शस्त्र देते. राजस्थानी महालांसारख्या गच्च्या, छज्जे, मध्ये मध्ये सावल्यांच्या बाहुल्यांसारखी दृश्यं. मी चिंचवडला राहतो, तो वीस किलोमीटरवर बनला, आणि माझ्याकडे चार वर्षं पडून होता. सात रात्रींत पूर्ण केला. एका शनिवारी मुलगी मांडीवर होती. खांबाला धरून राजी गोल फिरते आणि उडी मारते तिथे ती टाळ्या वाजवायची, मग मला पुढे जाऊ देईना. वीस मिनिटं आम्ही तोच खांब फिरलो.

विचर चालू आहे. वहीची अकरा पानं झाली. मधे पाळी बदलली, नऊ दिवस हात लावला नव्हता, तरी पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं नाही.

एकदा चुकलो. हिवाळी सेलच्या पहिल्या दिवशी तीन गेम घेतले, सवयीने. कृष्णाकाठ यांचं आठवलं, दुसऱ्या दिवशी तिन्ही परत केले. पुढच्या वर्षीची दोन नावं वहीच्या मागच्या पानावर लिहिली आहेत.

खात्यातून काही काढलेलं नाही, पेठकरकाका. लपवलेलंच आहे.

राहिला तिसरा, कुणाबरोबर खेळायचा. ती जागा रिकामी पडली आहे, कारण ज्या मित्राबरोबर खेळायचो तो आता दुबईला आहे आणि आमच्या वेळा जुळत नाहीत. लातूरच्या मित्राचा प्रतिसाद वाचून लपवलेली यादी उघडली. त्यात एज ऑफ एम्पायर्स २ एचडी सापडला, २०१६ च्या सेलमधला. खेळलेला वेळ शून्य मिनिटं. काल रात्री उघडला. माझं रानडुक्कर टाउन सेंटरपर्यंत आलंच नाही, दोन माणसं गेली.

शिकवशील का?

---

लातूरचा_गडी | शुक्रवार, रात्री १०:४१

दादा नक्की. उद्या रात्री दहाला जमेल का? आमच्याकडे उद्या लोडशेडिंग नाही. डुकरावर दोन बाण मारायचे आणि लगेच पळायचं, तिसरा मारत थांबायचं नाही, तिथेच माणूस जातो. आधी ते एकच करू, लढाई नंतर बघू.

---

निवांत_चिंचवड | शुक्रवार, रात्री १०:४४

दहा नको, सव्वादहा. वहीत लिहितोय: 'दोन बाण, मग पळ.'